खडवलीचे अकरा गुण

मध्य रेल्वेच्या इंडिकेटरवर अक्षरांचा कारभार वेगळाच चालतो. तिथे ‘के’ म्हणजे कल्याण. हे एकदा ठरल्यावर कसारा आणि कर्जत या दोघांनाही आपल्या नावातल्या पहिल्या ‘के’वर पाणी सोडावं लागलं. कल्याणला रूळ फुटतात. ईशान्येला जाते ती नॉर्थ-ईस्ट शाखा, म्हणून कसाऱ्याच्या गाडीला ‘एन’. आग्नेयेला जाते ती साउथ-ईस्ट, म्हणून कर्जतच्या गाडीला ‘एस’. त्यात पुन्हा ‘एस’ म्हणजे स्लोसुद्धा. टिटवाळ्याला ‘टीएल’, आसनगावला ‘एएन’, बदलापूरला ‘बीएल’. नवखा माणूस ‘के’ बघून कसाऱ्याच्या आशेने चढतो आणि कल्याणला सगळा डबा रिकामा झाला की मग चौकशी करतो.

खडवलीकराचं असं होत नाही. खडवली हे भातसा नदीकाठचं, कल्याण तालुक्यातलं गाव. टिटवाळा सोडलं की पुढचं स्टेशन. म्हणजे ‘टीएल’ ही गाडी त्याला घराच्या अगदी जवळ नेते आणि एक स्टेशन अलीकडे सोडून देते. त्याला ‘एएन’ चालते, ‘एन’ चालते, बाकी सगळी इंग्रजी बाराखडी त्याच्या दृष्टीने फुकट. रोज संध्याकाळी मान वर करून दोन अक्षरांसाठी जीव टाकणारा असा माणूस इंग्रजी अक्षरकोड्यांत तरबेज झाला नाही तरच नवल.

शिवाय त्याच्याकडे वेळ असतो. खडवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ७० किलोमीटर. जाऊन-येऊन दिवसाचे साडेतीन-चार तास डब्यात. एवढ्या वेळात भजनी मंडळाचे अभंग होतात, पत्त्यांचे डाव होतात, गाण्याच्या भेंड्या ‘ठ’वर अडकून मोडतात. मोबाइलवर वर्डल खेळणारेही असतात. जॉश वॉर्डल यांचा हा पाच अक्षरी खेळ २०२२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विकत घेतल्यापासून तो जगभराचा नाश्ता झाला आहे. पण डब्यात बसून खेळायला याहून जुना, बिनभांडवली आणि रेंज गेली तरी न थांबणारा एक खेळ आहे. एकाने दोन-तीन अक्षरं द्यायची, दुसऱ्याने ती अक्षरं पोटात असलेला इंग्रजी शब्द सांगायचा.

या खेळाला घराणं आहे. ‘ॲलिस इन वंडरलँड’ लिहिणारे लुईस कॅरल, म्हणजे ऑक्सफर्डचे गणिताचे मास्तर चार्ल्स डॉजसन, यांनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘मिशमॅश’ नावाने त्याचे रीतसर नियम छापले. दिलेल्या अक्षरगटाला त्यांनी केंद्रक म्हटलं. उदाहरणं त्यांनीच दिली. जी-पी म्हटलं की मॅगपाय, ई-एम-ओ म्हटलं की लेमन, आय-एम-एस-ई म्हटलं की हिमसेल्फ. अक्षरं सलग यायला हवीत, विशेषनाम चालणार नाही, आणि शब्द चारचौघांना माहीत असलेला हवा. पुढे अमेरिकेत याच जातीचा ‘सुपरघोस्ट’ हा खेळ रंगला. त्यावर विनोदकार जेम्स थर्बर यांनी १९५१ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये अख्खा लेख लिहिला. अक्षरांपायी झोप उडते, ही तक्रार फक्त मध्य रेल्वेची नाही.

कॅरल यांना केंद्रकं मनाने शोधावी लागली. ठाणे जिल्ह्यात ती रेल्वेनेच पुरवली आहेत. प्रत्येक स्टेशनला एक सांकेतिक अक्षरगट असतो. आरक्षणाच्या तिकिटावर तो दिसतो. खडवलीचा के-डी-व्ही. एवढ्या भांडवलावर ठाण्यापासून कसाऱ्यापर्यंत खेळ लावता येतो.

ठाणे म्हणजे टी-एन-ए. पहिल्याच स्टेशनावर माणूस अडतो, कारण टी आणि एन इंग्रजीत सहसा शेजारी बसत नाहीत. उत्तर मात्र डब्यातच बसलेलं असतं, शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून. कॅटनॅप. सी-ए-टी-एन-ए-पी, म्हणजे डुलकी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली, तेव्हापासून हे स्टेशन डुलक्या पाहत आलं आहे. त्या गाडीतल्या पाहुण्यांना मात्र बसायला जागा होती.

दिव्याला डोकं चालवायचं कामच नाही. डी-आय-व्ही-ए हा संकेतच मुळात शब्द आहे. डीव्हा म्हणजे रंगमंचावरची नखरेल, मानी गायिका, जिच्यासाठी सगळ्यांनी थांबायचं. जलद गाड्यांनी दिव्यासाठी थांबावं म्हणून दिवेकरांना बरीच वर्षं झगडावं लागलं, हा भाग वेगळा.

शहाडचं तसंच. एस-एच-ए-डी, शॅड. हा मासा आहे, हिलशाच्या, म्हणजे आपल्या पाल्याच्या भावकीतला. मासा नको असेल तर पुढे दोन अक्षरं जोडून शॅडो करावी आणि उन्हाळ्यात फलाटाच्या छपराखाली उभं राहावं. आंबिवली ए-बी-वाय आहे, तिथे बेबी रांगते आणि लगेच ललबायही मिळते. टिटवाळ्याचं टी-एल-ए मात्र गणपतीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकांना सांगू नये. ॲटलास सांगून सुटका करून घ्यावी, कारण दुसरा शब्द आउटलॉ आहे. आसनगावच्या ए-एस-ओमध्ये रीझन आहे, सीझन आहे आणि ट्रीझनही. माहुली किल्ल्यावर निघालेल्या ट्रेकरला यातला मधला पुरतो. डोंबिवलीचं डी-आय आणि खर्डीचं के-ई ही दोनच अक्षरं. त्यांचं कोडं घालणं म्हणजे समोरच्याचा अपमान आहे, तो डोंबिवलीकर असेल तर विशेष.

एवढ्यावर कॅरल यांचा कडक नियम संपतो. के-डी-व्ही ही तीन अक्षरं सलग असलेला शब्द नेहमीच्या शब्दकोशात सापडत नाही. मग खडवलीकराने काय करायचं? रेल्वेने तीन अक्षरं दिली, तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट करून बसायची कला डब्याने दिली. तो नियम सैल करतो. अक्षरं त्याच क्रमाने हवीत, पण मध्ये दुसरी कोणी येऊन बसली तर बसू द्यावीत. या दुरुस्तीनंतर के-डी-व्हीचं उत्तर येतं आणि ते ऐकून डबा सावरून बसतो. स्कायडाइव्ह. एस-के-वाय-डी-आय-व्ही-ई. विमानातून उडी! ज्या गावात उडी म्हटली की भातसेतली आठवते, आणि ती कोणी मारू नये म्हणून पावसाळ्यात पोलिसांना काठावर उभं राहावं लागतं, त्या गावाच्या संकेतात थेट आकाशातून उडी निघावी!

आता सैल नियमाने बाकीची स्टेशनंही सुटू लागतात. कल्याणच्या के-वाय-एनमधून कीस्टोन निघतो, कमानीच्या मधोमध बसून दोन्ही बाजूंचा भार पेलणारा दगड. जिथे कसारा आणि कर्जत या दोन्ही शाखा येऊन टेकतात, त्या जंक्शनला याहून मानाचा शब्द मिळाला नसता. कल्याणमध्ये उभ्या राहणाऱ्या टॉवरांच्या जाहिरातींसाठी स्कायलाइनही त्यातच आहे. क्रम सोडून दिला तर मंकी आणि डाँकी हेही निघतात. ते कल्याणकराला सांगू नयेत. ठाकुर्लीच्या टी-एच-केमध्ये थिंक आणि थँक. वासिंदच्या व्ही-एस-डीमध्ये ईव्ह्जड्रॉप, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं. हे लोकलमध्ये मुद्दाम करावं लागत नाही. समोरच्याची वाटणीची भांडणं, मुलीचं जमत आलेलं लग्न आणि साहेबाशी झालेलं वाजणं हे सगळं मोबाइलवरून सर्वांसाठी जाहीर होत असतं. आटगावचा ए-टी-जी वेटिंग देतो. आसनगावनंतर गाड्या विरळ होतात, त्यामुळे हे उत्तर आटगावकराला आधीपासूनच पाठ असतं.

कळव्याचा के-एल-व्ही-ए चार अक्षरी. तो साध्या माणसाला सुटत नाही, वीज खात्यातल्याला क्षणात सुटतो. किलोव्होल्ट-ॲम्पिअर. कळव्याला महापारेषणचं ४०० केव्हीचं मोठं उपकेंद्र आहे, तेव्हा हा शब्द तिथल्या चारचौघांना माहीत आहे, यावर कॅरलसाहेबांनाही हरकत घेता आली नसती. कसाऱ्याचा के-एस-आर-ए जॅकस्ट्रॉमध्ये बसतो. काड्यांचा ढीग पाडून एकेक काडी न हलवता उचलायचा तो खेळ. पण डब्याचा खरा जीव किकस्टार्टवर जडतो. त्यात चारही अक्षरं आहेत, फक्त आर आणि ए यांची अदलाबदल झाली आहे. थळ घाटाचा चढ १:३७ इतका खडा, त्यामुळे लांबच्या गाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावून ढकलावं लागतं. एवढा चपखल शब्द दोन अक्षरांच्या भांडणापायी बाद करावा लागतो, याची हळहळ खडवलीपर्यंत ऐकू येते.

ही सगळी उत्तरं जवळजवळ ठेवून पाहिली की खेळाची किल्ली हाती लागते. कॅट आणि नॅप. स्काय आणि डाइव्ह. ईव्ह्ज आणि ड्रॉप. की आणि स्टोन. आउट आणि लॉ. जॅक आणि स्ट्रॉ. सगळे जोडशब्द. एका शब्दाच्या आत सहसा एकमेकांचं तोंड न पाहणारी अक्षरं दोन शब्दांच्या सांध्यावर निमूट शेजारी उभी राहतात, दोन डब्यांच्या मधल्या कपलिंगसारखी. कॅरल यांच्या तीन उदाहरणांतली दोन अशीच आहेत. मॅगपायचा जी-पी ‘मॅग’ आणि ‘पाय’ यांच्या सांध्यावर आहे, हिमसेल्फमधला एम-एस ‘हिम’ आणि ‘सेल्फ’ यांच्या. बुककीपरमध्ये दोन ओ, दोन के आणि दोन ई एकामागोमाग येतात, तेही सांध्याच्या कृपेने. लॅचस्ट्रिंग आणि कॅचफ्रेज या शब्दांत सहा-सहा व्यंजनं सलग दाटीवाटीने उभी आहेत. मध्ये सांधा नसता तर एकही स्वर आत न घेता एवढी गर्दी इंग्रजीने खपवून घेतली नसती. म्हणून अक्षरं विचित्र आली की शब्दकोश उघडू नये. ती मधोमध तोडावीत, पहिल्या अक्षराने संपणारा छोटा शब्द शोधावा आणि दुसऱ्याने सुरू होणारा त्याला जोडून पाहावा. मोठमोठे शब्द पाठ असलेले विद्वान या खेळात मागे पडतात आणि कॅट, बुक, की एवढ्याच भांडवलावरचा माणूस जिंकतो.

इथे मराठी शाळेचा एक जुना गुण कामी येतो. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधीच्या मराठी माध्यमातल्या पिढ्यांनी इंग्रजी सुरू केलं पाचवीत आणि ते कानाने नव्हे, तोंडाने केलं. नाइफ, के-एन-आय-एफ-ई, नाइफ म्हणजे चाकू. सगळा वर्ग एका सुरात, पाढ्यांच्या चालीवर. त्या पिढीला नाइफचा उच्चार पुढे कधीतरी चुकला असेल, पण त्यातला मुका ‘के’ कधी हरवला नाही. इंग्रजी माध्यमातल्या नातवाला शब्द ऐकू येतो. आजोबांना तो अक्षरं सुटी करून दिसतो. के-एन म्हटल्याबरोबर आजोबा नाइफ, नी, नॉक, नाइट अशी सगळी मुक्या ‘के’ची जमात उभी करतात. नातू म्हणतो, “आजोबा, यात ‘के’ ऐकूच येत नाही.” आजोबा म्हणतात, “ऐकू येत नाही म्हणूनच पाठ करायला लावायचे रे.”

अक्षरांना भाव असतो, हेही याच मार्गावर कळतं. आल्फ्रेड बट्स हे अमेरिकन वास्तुविशारद मंदीच्या काळात बेकार झाले. बसल्या बसल्या त्यांनी वर्तमानपत्रांत कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्या हिशेबावर शब्दांचा एक खेळ बेतला. १९४८ मध्ये जेम्स ब्रुनो यांनी त्याचं नाव स्क्रॅबल ठेवलं. वारंवार लागणाऱ्या अक्षरांना एक गुण, क्यू आणि झेडला दहा. या दराने स्टेशनांची मोजदाद केली तर मालमत्तेच्या बाजारात हाहाकार उडेल. टी, एन आणि ए प्रत्येकी एक, म्हणून ठाण्याला तीन गुण. डोंबिवलीलाही तीनच, ज्या शहरात २०१७ मध्ये नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याची अक्षरांच्या बाजारात ही पत! कल्याण दहा. खडवलीचे ‘के’ला पाच, ‘डी’ला दोन, ‘व्ही’ला चार, एकूण अकरा. म्हणजे कल्याणहून एक जास्त. खडवलीच्या इतिहासात कल्याणच्या पुढे जायची संधी फारशी आलेली नाही, त्यामुळे हा निकाल तिथे खुशीने स्वीकारला जाईल. सर्वांत महाग मात्र मुंब्रा. त्याचा संकेत एम-बी-क्यू. तीन, तीन आणि दहा, मिळून सोळा.

ज्यांना लोकल चुकते त्यांच्यासाठी हाच खेळ रस्त्यावर आहे. गाड्यांच्या नंबरात एमएच ०४ म्हणजे ठाणे, ०५ म्हणजे कल्याण, हे इथल्या पोरालाही ठाऊक असतं. त्यापुढची अक्षरं कामाची. एक आणि शून्य या आकड्यांशी घोटाळा होऊ नये म्हणून त्यांत आय आणि ओ वापरत नाहीत. उरली २४ अक्षरं. दोन-दोनच्या जोड्या केल्या तर होतात ५७६. म्हणजे शिळफाट्याच्या कोंडीत दोन अक्षरी कोड्यांचा साठा संपायचं भय नाही. भिवंडीहून कापड घेऊन निघालेल्या ट्रकवर जे-क्यू दिसलं तर जॅकार्ड म्हणावं, ते विणकामाचंच नाव आहे. एक्स-एच आलं तर एक्झॉस्ट. तोंडाला रुमाल बांधून म्हणावं. बी-टी आलं तर डेट, म्हणजे कर्ज. तेही बहुतेक वेळा खरंच असतं. एफ-जे आलं तर फ्योर्ड, झेड-क्यू आलं तर बेझिक हा पत्त्यांचा डाव, आणि के-क्यू आलं तर कुमक्वॅट हे चिमुकलं आंबट फळ. नंबरप्लेट वाचण्याची ही हौस महाराष्ट्राला परकी नाही. ८०५५ मध्ये ‘बॉस’ आणि २१४ मध्ये ‘राम’ वाचणाऱ्या आणि दंड भरूनही तसेच रंगवणाऱ्या लोकांना जे-क्यूमध्ये जॅकार्ड दिसणं हा डाव्या हाताचा मळ आहे.

खरं तर हे सगळं संगणक चुटकीसरशी करतो. १९७०च्या दशकात केन थॉम्पसन यांनी युनिक्ससाठी ‘ग्रेप’ नावाची आज्ञा लिहिली. तिला मागाल त्या क्रमाची अक्षरं दिली की ती अख्खी शब्दयादी चाळून हवे ते शब्द काढून देते. १९३४च्या वेबस्टर कोशावरून केलेली अशी एक जुनी यादी आजही अनेक संगणकांत असते. तीत सुमारे २ लाख ३५ हजार शब्द आहेत. डोंबिवलीतला आयटीवाला मुलगा एका ओळीत ठाणे ते कसारा निकाल लावून मोकळा होईल. पण यादी देते ते शब्द डब्यात चालत नाहीत. कॅरल यांची शेवटची अट आडवी येते. शब्द चारचौघांना माहीत हवा, आणि लोकलमध्ये चारचौघे म्हणजे समोरच्या दोन बाकांवरचे आठ जण. त्यात एक बँकेतला, एक महापालिकेतला, एक कुरिअरवाला, एक नर्सताई आणि दाराशी लटकून मत देणारे दोघे-तिघे. या न्यायपीठापुढे संगणकाने काढलेला शब्द टिकायचा तर आधी त्याचा अर्थ सांगावा लागतो, मग तो वाक्यात वापरून दाखवावा लागतो आणि एवढं होईपर्यंत उतरायचं स्टेशन आलेलं असतं.

मुंब्र्याचा खटला त्यामुळे लांबतो. एम-बी-क्यू या क्रमाने अक्षरं असलेलं एक नाव कोणालाही सुचतं, मोझांबिक. पण ते देशाचं नाव, विशेषनाम, म्हणून बाद. क्रम सोडून द्यायची परवानगी मागितली तर बिक्वीदमेंट हा शब्द पुढे येतो, म्हणजे मृत्युपत्राने मालमत्ता देणं. त्यावर सगळे नाक मुरडतात, असा शब्द कोण वापरतं म्हणून. फक्त कल्याण कोर्टातले एक वकील शांतपणे सांगतात, की आमच्याकडे हा रोजचा आहे आणि यावरून झालेली भांडणं ऐकायची असतील तर दिवस पुरणार नाही. मग नियम आधी सैल केला तो खडवलीच्या सोयीसाठी आणि आता आणखी सैल करायचा तो मुंब्र्याच्या, असा मुद्दा निघतो. टिटवाळ्याला चढलेला एक जण विचारतो, हे कोणत्या परीक्षेचं चाललंय. त्याला आधी टी-एल-ए सोडवायला देतात. तो ॲटलास म्हणत नाही, आउटलॉ म्हणतो, आणि मुंब्रा बाजूला राहून भांडण टिटवाळ्यावर सुरू होतं.